चूक पोटात घालणारी काठी

वैजापुरात गोल्फचे मैदान नाही. गावातल्या कुणी गोल्फ शिकायचे मनात आणलेच, तर त्याला दुसऱ्या शहरातल्या मैदानापर्यंत जावे लागेल. त्यामुळे मागच्या दिवाळीत माझा भाचा रोटेगाव स्टेशनवर गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या दोन लोखंडी काठ्या पाहून रिक्षावाल्याने विचारले, "साहेब, हे काय, विहिरीचं सामान का?"

भाचा पुण्यात नोकरी करतो. कचेरीतल्या मंडळींच्या आग्रहाने तो गोल्फ शिकू लागला होता. मोठे खेळाडू वापरतात तशाच घाटाच्या काठ्या त्याने वापरलेल्या स्थितीत, बऱ्याच स्वस्तात घेतल्या. सहा महिने झाले तरी दहातले सात-आठ फटके वाया जात. चेंडू भलतीकडेच जाई, आणि बोटांना झिणझिण्या येत त्या वेगळ्याच. "मामा, हा खेळ माझ्यासाठी नाही," असे म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. मग एका सहकाऱ्याने त्याला दुसऱ्या प्रकारची काठी वापरायला दिली. त्याच हातांनी आणि त्याच चुकांसह खेळताना निम्मे फटके बरे जाऊ लागले. तुलना करून दाखवावी म्हणून तो दोन्ही काठ्या घेऊन आला होता.

संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही त्या काठ्या पाहत होतो. शेजारच्या शाळेतले क्रीडाशिक्षकही येऊन बसले. त्यांनी काठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "गोल्फ राहू द्या बाजूला. आमच्या पोरांच्या बॅटींचं असंच काही असतं का, ते सांगा." हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

दोन काठ्यांतला फरक

गोल्फमध्ये मध्यम अंतराच्या फटक्यांसाठी ज्या काठ्या वापरतात त्यांना 'आयर्न' म्हणतात. त्यांची डोकी पूर्वी लोखंडाची असत, आता पोलादाची असतात. भाच्याकडच्या दोन्ही काठ्या सात नंबरच्या होत्या आणि दोन्हींच्या डोक्यांची वजनेही जवळजवळ सारखी होती. फरक होता तो पाठीत. पहिल्या काठीच्या डोक्याची पाठ सपाट आणि भरीव होती, एखाद्या पात्यासारखी. तिला 'ब्लेड' असेच नाव आहे. दुसऱ्या काठीची पाठ मध्ये खोलगट होती. मधले पोलाद काढून ते कडांना, म्हणजे टाचेकडे, टोकाकडे आणि तळाशी नेऊन ठेवले होते. वजन तेवढेच, पण वाटप निराळे.

इंग्रजीत या दुसऱ्या काठीला 'क्षमाशील' अशा अर्थाचा शब्द वापरतात. आपण 'अपराध पोटात घालणे' म्हणतो. या काठीला खरोखरच पोट आहे, त्यामुळे आपला वाक्प्रचार तिला अधिक शोभतो. पण पोलादाचा तुकडा चूक पोटात घालतो म्हणजे नेमके काय करतो?

चेंडू मध्यावर लागला नाही तर

कोणत्याही वस्तूला तिच्या गुरुत्वमध्यावर धक्का दिला तर ती सरळ मागे सरकते. धक्का मध्यापासून दूर दिला तर ती सरकते आणि शिवाय स्वतःभोवती फिरतेही. अर्धवट उघडे दार बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि मग कडेला ढकलून पाहा. धक्का तोच, पण वळवण्याचा परिणाम वेगळा, हे विद्यार्थ्यांना लगेच जाणवते.

काठीचे डोके चेंडूवर आदळते तेव्हा हेच घडते. चेंडू बरोबर मध्याच्या रेषेत लागला तर डोके फक्त थोडे मंदावते. तो दोन सेंटिमीटर टोकाकडे लागला तर डोके उभ्या अक्षाभोवती वळते. या वळण्यातून दोन तोटे होतात. डोक्याचा पृष्ठभाग तिरका झाल्याने चेंडूची दिशा बिघडते, आणि चेंडूला मिळायची ती ऊर्जा डोके फिरवण्यात खर्च होते.

"मग काठी घट्ट धरावी," असे पुष्कळांना वाटते. पण चेंडू आणि डोके यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग, एवढाच टिकतो. आपल्या शरीराला एखादी गोष्ट जाणवून प्रतिक्रिया द्यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तोवर चेंडू कितीतरी पुढे गेलेला असतो. त्या अर्ध्या मिलीसेकंदात डोके जवळजवळ मोकळे असल्यासारखे वागते. हातांचे काम आधीच संपलेले असते, आणि चूक आवरायची ती डोक्याच्या घडणीनेच.

जडत्व, पण फिरण्याबाबतचे

सरळ रेषेतल्या गतीला विरोध करण्याचा गुण म्हणजे वस्तुमान. फिरण्याला विरोध करण्याच्या गुणाला 'जडत्व आघूर्ण' म्हणतात. काही पुस्तकांत 'निरूढी परिबल' असाही शब्द भेटतो. तो काढण्याची रीत सोपी आहे. वस्तूच्या प्रत्येक कणाचे वस्तुमान घ्यायचे, त्याला अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. सगळी किमया त्या 'वर्ग' या शब्दात आहे. अंतर दुप्पट केले की परिणाम चौपट होतो.

समजा, ब्लेडच्या डोक्याचे वस्तुमान २७० ग्रॅम आहे आणि उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण २००० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर आहे. आता अक्षापासून १ सेंटिमीटरवर असलेले ६० ग्रॅम पोलाद उचलून ४ सेंटिमीटरवर ठेवले. वाढ किती होईल? ६० गुणिले (१६ वजा १), म्हणजे ९००. नवे आघूर्ण झाले २९००. एक ग्रॅमही न वाढवता फिरण्याला होणारा विरोध जवळजवळ दीडपट झाला. खोलगट पाठीचे एवढेच रहस्य आहे.

याचा चेंडूवर होणारा परिणाम नववी-दहावीच्या हुशार विद्यार्थ्यांनाही काढता येईल. मध्यापासून 'अ' अंतरावर आघात झाला तर डोके चेंडूला आपल्या खऱ्या वस्तुमानापेक्षा हलके भासते. या भासमान वस्तुमानाचा व्यस्तांक असा मिळतो: (१ ÷ वस्तुमान) + ('अ'चा वर्ग ÷ जडत्व आघूर्ण). आघात दोन सेंटिमीटर बाजूला झाला तर ब्लेडचे २७० ग्रॅमचे डोके सुमारे १७५ ग्रॅमचे असल्यासारखे वागते, खोलगट पाठीचे सुमारे १९७ ग्रॅमचे. गोल्फचा चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा असतो. संवेगाचे गणित पुढे नेले तर मध्यावर बसलेल्या फटक्याच्या तुलनेत चेंडूचा वेग ब्लेडमध्ये सुमारे ७ टक्के घटतो आणि दुसऱ्या काठीत सुमारे ५ टक्के. चेंडू सेकंदाला ४५ मीटर वेगाने सुटतो असे धरले, तर तो सुटेपर्यंत ब्लेडचे डोके सुमारे ३ अंश वळलेले असते आणि दुसरे सुमारे २ अंश. चेंडूच्या वाट्याला या तिरकेपणाचा काही भागच येतो. तरी १४० मीटर जाणाऱ्या फटक्यात एका अंशाने दिशा चुकली की चेंडू जवळजवळ अडीच मीटर बाजूला पडतो.

हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत आणि पृष्ठभागाचा उतार आपण हिशेबात धरलेला नाही. पण त्यांतून एक गोष्ट कळते, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही काठी चमत्कार करत नाही. सात टक्क्यांचा तोटा पाच टक्क्यांवर येतो, शून्यावर येत नाही. क्षमा असली तरी ती अंशतः आहे.

तळ आणि ढेकूळ

मग भाच्याचे निम्मे फटके सुधारले कसे? याचे एक कारण डोक्याच्या तळाशी आहे. नवशिक्याची मोठी चूक डावी-उजवी नसते, वर-खाली असते. काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागते. ब्लेडचा तळ अरुंद असतो. तो मातीत नांगराच्या फाळासारखा घुसतो आणि फटक्याचा सगळा जोर तिथेच संपतो. दुसऱ्या काठीचा तळ रुंद असतो. पेरणीआधी फळी फिरवताना ती ढेकळांवरून घसरत पुढे जाते, तसा हा तळ गवतावरून घसरतो आणि चेंडूपर्यंत पोहोचतो. शिवाय पोलाद तळाशी नेल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, त्यामुळे थोडा खाली लागलेला चेंडूही बऱ्यापैकी उचलला जातो.

आणखी एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. "नवी काठी माझा चेंडू पंधरा मीटर लांब नेते," असे भाचा कौतुकाने म्हणाला. आम्ही दोन्ही डोकी भिंतीला टेकवून कोनमापकाने त्यांचे उतार मोजले. ब्लेडच्या पृष्ठभागाचा उतार सुमारे ३४ अंश भरला, दुसऱ्याचा सुमारे २९. नंबर दोन्हींवर सातच! कमी उताराची काठी चेंडू अधिक लांब नेणारच. म्हणजे वाढलेल्या अंतराचे बरेचसे श्रेय घडणीला नसून उताराला होते. तुलना करताना एका वेळी एकच घटक बदलावा हा प्रयोगशाळेतला नियम बाजारातही विसरू नये.

चुकणाऱ्यांनी लावलेले शोध

या कल्पनेचा इतिहास मजेदार आहे. कार्स्टन सोल्हाइम हा नॉर्वेत जन्मलेला अमेरिकन अभियंता. चाळिशी उलटल्यावर तो गोल्फ शिकू लागला आणि चेंडू भोकात ढकलण्याच्या शेवटच्या सोप्या फटक्यातच अडखळू लागला. तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत होता. दोष हाताचा किती आणि काठीचा किती, असा प्रश्न त्याने अभियंत्यासारखा विचारला. १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये त्याने वजन दोन्ही टोकांना विभागलेली एक काठी बनवली. चेंडूला लागताना ती 'पिंग' असा आवाज करी. पुढे त्याच्या कंपनीचे नावही तेच झाले, आणि तीच कल्पना त्याने आयर्नमध्ये आणली.

टेनिसमध्येही असेच घडले. हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याने बर्फावर घसरण्याच्या धातूच्या पट्ट्या बनवून नाव कमावले होते. निवृत्तीनंतर तो टेनिस शिकू लागला. चेंडू मध्यावर बसेना आणि रॅकेट हातात वळे. रॅकेट रुंद केली तर तिचे लांबीच्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण वाढेल, हे त्याच्या ध्यानात आले. १९७६ साली 'प्रिन्स' नावाने मोठ्या तोंडाची रॅकेट बाजारात आली. सुरुवातीला लोकांनी तिची थट्टा केली. पण पुढे सर्वच रॅकेटी मोठ्या होत गेल्या आणि अव्वल खेळाडूंनीही त्या स्वीकारल्या.

या दोघांपैकी कुणीही त्या खेळातला श्रेष्ठ खेळाडू नव्हता. किंबहुना म्हणूनच त्यांना हा दोष दिसला. ज्याचा चेंडू नेहमी मध्यावर बसतो, त्याला काठी वळते हे कशाला जाणवेल?

क्रिकेटची बॅट

आता क्रीडाशिक्षकांच्या प्रश्नाकडे वळू. क्रिकेटमध्ये ही कल्पना १९७४ साली आली. ग्रे-निकल्स या इंग्लंडमधल्या कंपनीने 'स्कूप' नावाची बॅट काढली. तिच्या पाठीवरचे मधले लाकूड कोरून काढले होते. आपल्या खोलगट पाठीच्या काठीचीच ही बहीण. हल्लीच्या बॅटींच्या कडा जाड असतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. लाकूड मधल्या रेषेपासून दूर गेले की कडेला लागलेल्या चेंडूने बॅट कमी वळते. कडेला लागलेले चेंडूही सीमापार जाऊ लागले, तेव्हा गोलंदाजांवर अन्याय होतो अशी ओरड झाली. शेवटी १ ऑक्टोबर २०१७ पासून क्रिकेटच्या नियमांत बॅटची कड जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटर अशी मर्यादा घालण्यात आली. गोल्फच्या नियमांतही सर्वांत लांब फटक्याच्या 'ड्रायव्हर' काठीच्या जडत्व आघूर्णावर अशीच मर्यादा आहे. क्षमा किती असावी हेही कुणाला तरी ठरवावे लागते!

पण शाळेच्या मैदानावर प्रश्न वेगळाच असतो. बॅटीला दोन अक्षांचा विचार करावा लागतो. लांबीच्या अक्षाभोवती ती सहज वळू नये, म्हणून तिथले आघूर्ण जास्त हवे. उलट मनगटातून ती चटकन फिरवता यावी, म्हणून मुठीतून जाणाऱ्या अक्षाभोवतीचे आघूर्ण कमी हवे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्या भावाची बॅट दिली की हा दुसरा हिशेब कोसळतो. किती? एकाच आकाराच्या दोन बॅटी घ्या, एक सर्व बाजूंनी दहा टक्के लहान. घनफळ, म्हणजेच वस्तुमान, लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आघूर्णात त्यावर अंतराचा वर्ग येतो. म्हणजे एकूण पाचवा घात. ०.९ चा पाचवा घात ०.५९ येतो. दहा टक्क्यांनी लहान बॅट फिरवायला सुमारे चाळीस टक्क्यांनी हलकी पडते.

"मग लहान बॅट हातात जास्त वळणार नाही का?" असे क्रीडाशिक्षकांनी लगेच विचारले. प्रश्न बिनतोड होता. लांबीच्या अक्षाभोवतीचे आघूर्णही त्याच प्रमाणात घटते. इथे मदतीला येतो चेंडू. क्रिकेटचा खरा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो, टेनिसचा सुमारे ५८ ग्रॅमचा. हलका आणि मऊ चेंडू बॅटीला वळवण्याचे कामही कमी करतो. लहान मुलांसाठी लहान बॅट आणि टेनिसचा चेंडू ही जोडी गरिबीपोटी केलेली तडजोड आहे असे पुष्कळांना वाटते. भौतिकीच्या दृष्टीने ती अगदी योग्य निवड आहे.

कुणी म्हणेल, सचिन तेंडुलकर तर जड बॅट वापरीत असे. खरे आहे. पण त्याच्या मनगटात ती फिरवण्याची ताकद होती आणि चेंडू बॅटीच्या मध्यावर घेण्याची हातोटी होती. थोरांचे साधन उसने घेता येते, त्यांचा सराव उसना घेता येत नाही.

वर्गात करून पाहा

दोन प्रयोग सुचवतो. पहिल्याला ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी, दोरा आणि प्रत्येकी ५० ग्रॅमचे मातीचे दोन गोळे लागतील. पट्टी सुमारे ६० सेंटिमीटर लांबीच्या दोन दोऱ्यांनी आडवी टांगा. प्रत्येक दोरा पट्टीच्या मध्यापासून ५ सेंटिमीटरवर बांधा. गोळे मध्यापासून दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटरवर चिकटवा. पट्टीला किंचित पीळ देऊन सोडा आणि दहा आंदोलनांचा वेळ घड्याळावर मोजा. मग तेच गोळे १२ सेंटिमीटरवर चिकटवून पुन्हा मोजा. पट्टी २० ग्रॅमची असेल तर पहिला वेळ सुमारे १२ सेकंद यावा आणि दुसरा सुमारे ३६. वजन तेच असूनही पट्टी तिप्पट सुस्त झालेली दिसेल. आघूर्ण सुमारे ८.४ पट वाढते आणि वेळ त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हे वरच्या वर्गांना पडताळून पाहता येईल.

दुसरा प्रयोग मैदानावरचा आहे. टेनिसचा चेंडू ओलसर करून खडूच्या पुडीत घोळवा. तो बॅटीवर लागला की पांढरा ठिपका उमटतो. प्रत्येक मुलाला वीस चेंडू टाका. दर फटक्यानंतर ठिपका मधल्या रेषेपासून किती सेंटिमीटर दूर आहे ते मोजून वहीत लिहा आणि पुसून टाका. नंतर प्रत्येकाचा स्तंभालेख काढायला लावा. कुणाचे ठिपके मध्याभोवती दाटीने असतील, कुणाचे कडेपर्यंत पसरलेले. दुसऱ्या दिवशी बॅट बदलून तेच करा. ज्या बॅटीने ठिपक्यांचा पसारा कमी होतो, ती त्या मुलाची बॅट. किंमत किंवा तिच्यावर चिकटवलेले नाव इथे उपयोगाचे नाही.

चूक दिसली तर पाहिजे

शेवटी एक आक्षेप. साधनाने चूक पोटात घातली तर शिकणाऱ्याला ती कळणार कशी? मोठे खेळाडू ब्लेड वापरतात त्याचे एक कारण हेच सांगतात. थोडी चूक झाली तरी हाताला लगेच कळते, शिवाय चेंडू मुद्दाम वळवणे त्यांना तिच्याने सोपे वाटते. आक्षेपात तथ्य आहे. पण झिणझिण्या आणि वाया गेलेला फटका ही माहिती ज्याला वाचता येते त्याच्यासाठीच माहिती असते. ज्याच्या दहापैकी आठ फटक्यांना झिणझिण्या येतात, त्याला त्यांतून एवढेच कळते की आपल्याला हे जमत नाही. चूक दाखवण्याचे काम खडूचा ठिपका अधिक चांगले करतो. तो जागा दाखवतो आणि हातही दुखवत नाही. चूक पोटात घालणे आणि चूक झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्रीडाशिक्षकांनी उठता उठता एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वर्गात एक मुलगी आहे. ती कायम सीमारेषेवर उभी राहते आणि फलंदाजीची पाळी आली की दुसऱ्याला देऊन टाकते. शाळेत बॅट एकच, मोठ्या माणसाच्या मापाची. "मला वाटायचं, तिला आवड नाही," ते म्हणाले. सुट्टी संपल्यावर त्यांनी गावातल्या सुताराकडून आंब्याच्या फळीची एक छोटी बॅट करून घेतली. कडा जाड, पाठ मध्ये थोडी कोरलेली. त्या मुलीच्या वीस ठिपक्यांचा स्तंभालेख त्यांनी मला पाठवला आहे. तो अजून बराच पसरलेला आहे. पण वीसच्या वीस चेंडू ती खेळली.